बत्तिसावी पुरचुंडी

घाटकोपर
२३ जून १९८६

धाकू,

दोन वर्षांनी तुझं पत्र आलं. इनलँडवर तुझं अक्षर बघून मला वाटलं, नक्की कोणीतरी गेलं. उभ्या उभ्या फोडलं, तर आत काय? "नलूताई, पगाराशिवाय किरकोळ उत्पन्न मिळालं तर कशावर टॅक्स लागतो नि कशावर नाही, ते सविस्तर कळव. सरकारी बक्षीस त्यात धरतात का, तेही लिही. एका मित्राला हवं आहे." वर कशी आहेस नाही, खाली मावशीला नमस्कार नाही. आई गेल्यावर जिने आपल्या दोघांना वाढवलं तिचं नावसुद्धा नाही. बहीण आठवली ती फुकटातली टॅक्सवाली म्हणून. शी! एवढंच तोंडातून निघालं. ह्यांनी विचारलं काय झालं, तर म्हटलं, दुधात माशी पडली.

तरी उत्तर देते. माणिकभाईंच्या ऑफिसात अकरा वर्षं लोकांची रिटर्नं भरून अशी खोड लागली आहे की कोणी टॅक्सचं विचारलं की माझं तोंड आपोआप चालू होतं.

तर ऐक. पगार, घरभाडं, धंदा, मालमत्ता विकून झालेला नफा यांत जे बसत नाही ते सगळं 'अदर सोर्सेस'मध्ये. बँकेचं व्याज त्यात, मर्यादेच्या वरचं. शिकवण्यांचे पैसे धर. शिलाई मशीन भाड्याने दिलं, धर. नवरा गेल्यावर बायकोला मिळणारं पेन्शन, तेही धर. लॉटरी, घोडे, शब्दकोडी, सगळं धर. लॉटरीवर तर ह्या बजेटपासून सरळ चाळीस टक्के. पत्त्यांत जिंकलेले पैसेही करपात्र आहेत. आमच्या घरी त्याची चिंता नाही, कारण हे कधी जिंकतच नाहीत. गिरणी बंद पडल्यापासून तेवढाच उद्योग चालू आहे.

धरायचं नाही ते असं. गावच्या आंब्याचे पैसे शेतीत जातात, माफ. विम्याचे माफ. पोरांची स्कॉलरशिप माफ. वारशाने आलेलं उत्पन्नच नव्हे, आणि मेलेल्याच्या इस्टेटीवरचा कर तर गेल्या वर्षीच उठला. लग्नातला आहेर, भाऊबिजेची ओवाळणी, नात्यातल्या माणसाने प्रेमाने दिलेली भेट, हे घेणाऱ्याचं उत्पन्न नाही. ओवाळणीचं तुला मुद्दाम सांगते. दोन भाऊबिजा तू बुडवल्यास त्या टॅक्सच्या भीतीने नक्कीच नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. दुसऱ्याने आपल्याकडे ठेवायला दिलेले पैसे आपलं उत्पन्न नाहीत. ठेवणाऱ्या बाईला त्यावर एक पैसा कर नाही. फक्त ते दुसऱ्याचे आहेत हे कागदावर दाखवता आलं पाहिजे.

हे तुला का सांगते? कारण मावशीची त्यातच वाट लागली. बोरिवलीत तुझ्यापर्यंत बातमी पोचली नसेल, म्हणून लिहिते. चाळीतल्या बायका तिच्याकडे पैसे ठेवायच्या, तू लहानपणापासून बघितलंयस. साकीनाक्याच्या कारखान्यांत पॅकिंगला, धातू घासून पॉलिश करायच्या बफिंगला जाणाऱ्या बायका. पगाराच्या दिवशी नवरा दारात उभा. पाच-दहा रुपये चोरून ठेवायचे तर कुठे? मावशीकडे. प्रत्येकीने आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा आणून त्याची पुरचुंडी बांधायची. नाव नाही, वही नाही, चिठ्ठी नाही. कागद असला की तो कधी ना कधी नवऱ्याच्या हाती लागतो. लुगडं बघून मावशी सांगायची, ही हिची, ती तिची. एकतीस पुरचुंड्या होत्या.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, दुपारी, मावशी डब्यांची भाजी फोडणीला घालत होती, तेव्हा चार साहेब आणि एक बाई ऑफिसर दारात उभे राहिले. कोणीतरी खबर दिली होती. त्यांनी काही वाकडं केलं नाही, मी खोटं सांगणार नाही. चपला बाहेर काढल्या, कागद दाखवला, सरळ जागेवर गेले, पैसे काढले, पंचांसमोर मोजले, पावती दिली. जाताना रिकाम्या पुरचुंड्या नीट घडी करून मावशीच्या हातात ठेवल्या. पैसे लाखाच्या वर भरले. विचारलं, कोणाचे? मावशी म्हणाली, "माझेच आसत."

माणिकभाईंनी तिला माझ्यासमोर समजावलं. "मावशी, एकतीस नाव द्या, एकतीस सही द्या. कागद असेल तर तुमी सुटला. नाय तर ही सगळी तुमची इन्कम." मावशीने विचारलं, मग साहेब त्या बायकांच्या घरी जाणार काय? माणिकभाई म्हणाले, विचारायला जाऊ शकतात. "मगे नको," मावशी म्हणाली. "त्यांच्या घोवांका कळला तर जीव घेतले त्यांचो. मी कोणाचा नाव सांगूचंय नाय."

म्हणून दुसऱ्या बायकांनी स्वतःच्या पोटाला चिमटे काढून साठवलेला पैसा हे कांजूरमार्गच्या एका डबेवाल्या बाईचं 'अदर सोर्सेस' ठरलं. कर आणि दंड मिळून निम्म्याच्या वर गेले. उरलेले हातात आले ते ह्या मार्चमध्ये. आता ती एकेका बाईची पुरचुंडी पुन्हा भरून देते आहे. अकरा झाल्या. बाकीच्यांसाठी खोली विकायची म्हणते. पासष्टीला आली आहे, धाकू. त्या खोलीबाहेर तिला जागा नाही. माझ्याकडे ये म्हटलं तर म्हणते, जावयाच्या दारात कशाला?

मला हे सगळं बघून किळस येते. माझा त्यात काही संबंध नाही, पण येते.

आता तुझ्या मित्राचं. बक्षीस कसलं, कोणी दिलं, कशाबद्दल? सरकारने ठरावीक कामासाठी मंजूर केलेलं बक्षीस माफ असतं, बाकीची नसतात. नीट लिहिलंस तर नीट सांगेन.

नलू


घाटकोपर
९ जुलै १९८६

धाकू,

तुझं पत्र शनिवारी आलं. मी ते तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा हात धुतले. ह्यांना वाटलं मला काही झालं.

तू लिहितोस, "मित्राने सरकारला एका बेहिशेबी पैशाची माहिती दिली होती. त्याचं बक्षीस म्हणून चार हजार शंभर मिळाले." बरं. पुढच्या ओळीत लिहितोस, "मावशीचं वाचून वाईट वाटलं. पण तिनेही एवढी रक्कम गणपतीच्या मखराच्या खोक्यात ठेवायची म्हणजे काय!"

मी मखराचं लिहिलं नव्हतं. माझ्या पत्राची कच्ची प्रत माझ्याकडे आहे, ऑफिसची सवय. तिच्यात मी 'सरळ जागेवर गेले' एवढंच लिहिलं आहे. मुद्दामच नव्हतं लिहिलं. का ते पुढे कधीतरी सांगेन.

आता मी सांगते त्या दुपारी काय झालं ते. साहेब आत आले. कपाट बघितलं नाही, ट्रंक बघितली नाही, पिठाचा डबा उघडला नाही. त्यांतल्या थोरल्याने पहिला प्रश्न विचारला, "मावशी, गणपतीचं मखर कुठं ठेवता?" मावशी हातातला झारा तसाच धरून पोटमाळ्याकडे बघत राहिली.

तू म्हणशील, जागा सगळ्यांना ठाऊक होती. नव्हती. आधी पुरचुंड्या तांदळाच्या पिंपात असायच्या, ते चाळीतल्या अर्ध्या बायकांना माहीत. पण चौऱ्याऐंशीच्या पावसात पिंपात पाणी शिरलं, आणि त्या विसर्जनानंतर मावशीने त्या मखराच्या खोक्यात टाकल्या. वर्षभर त्या खोक्याला कोण हात लावतो? देवाची वस्तू. ते खोकं पोटमाळ्यावर कोणी चढवलं? तू. तुझ्याशिवाय ते चढवायला तिला माणूसच नव्हता. मलासुद्धा साहेब येऊन गेल्यावर मावशीकडून कळलं.

आणि त्याच दिवशी, खोकं चढवून खाली उतरल्यावर, तू तिच्याकडे वीस हजार मागितलेस. बोरिवलीच्या ब्लॉकच्या बुकिंगला, तीन आठवड्यांसाठी. ती म्हणाली, "माझे नाय ते, बाबा. माका ठेवूक दिलेले आसत." तू म्हणालास, पोरापेक्षा परक्या बायका जवळच्या. प्रसादाचं ताट तसंच टाकून निघालास. मी दारात होते. मला वाटलं, रागावलाय, दिवाळीला येईल.

तू दिवाळीला नाही आलास. तू दुसरीकडे गेलास.

चार हजार शंभर! अरे, मोठा हात मारला असतास तर निदान तुझी हाव मोठी होती असं म्हटलं असतं. चार हजारांत आज बोरिवलीला मोरी बांधून मिळत नाही. तेवढ्यासाठी मांडीवर घेऊन पेज भरवणाऱ्या बाईच्या देवाच्या खोक्याचा पत्ता दिलास. आणि वर मला विचारतोस, ह्यावर टॅक्स बसेल काय!

माणिकभाईंना विचारलं, तुझं नाव न सांगता. ते म्हणाले, "मंजूर बक्षीस असेल तर माफ, नसेल तर अदर सोर्सेस. कागद दाखवा, मग सांगतो." कागद माझ्याकडे पाठवू नकोस. मी त्याला हात लावणार नाही.

नलिनी


घाटकोपर
२७ जुलै १९८६

धाकू,

ह्या वेळी 'मित्र' नाही लिहिलास. तेवढं बरं केलंस.

तू लिहितोस की तू कायद्याने वागलास. बेहिशेबी पैसा होता, तू सांगितलंस, गुन्हा केला नाहीस. तुला वाटलं मावशी घाबरेल, बायकांची नावं सांगेल, पैसे सुटतील आणि तिची ती बँक बंद होईल. ती स्वतःच्या अंगावर घेईल असं वाटलं नव्हतं. एवढी वर्षं तिच्या हातचं खाल्लंस आणि तुला तेवढंही कळलं नव्हतं?

आणि शेवटी लिहितोस, "नलूताई, खबर दिली तर बक्षीस मिळतं हे मला तूच सांगितलं होतंस."

हो. मीच सांगितलं होतं.

हे वाक्य तू कधीतरी लिहिशील याची मी दीड वर्षं वाट बघत होते. साहेबांनी मखर विचारलं असं मावशीने सांगितलं, तेव्हाच मला कळलं होतं. मी तुला विचारलं नाही, कारण तू उलट हेच म्हणाला असतास. म्हणून पहिल्या पत्रात मखराची ओळ गाळली. तू आपणहून लिहू नयेस अशी मनात इच्छा होती, आणि लिहावंस अशीही.

चौऱ्याऐंशीचा गणपती. दुपारी आपण नारळ खवत बसलो होतो. मी ऑफिसातल्या गमती सांगत होते. आमच्या एका गिऱ्हाइकाच्या भाच्याने मामाची खबर दिली आणि त्याला सरकारकडून पैसे मिळाले, म्हटलं. तू विचारलंस, किती? मी ऐटीत आकडे सांगितले. चौथी नापास नवऱ्याच्या घरात मला कोणी काही विचारत नाही, आणि इथे ग्रॅज्युएट भाऊ कान देऊन ऐकतोय. मी फुगले. तुझ्या डोळ्यात काय चाललंय ते बघायला हवं होतं, नाही बघितलं.

आता दुसरं. पहिल्या पत्रात मी लिहिलं की माझा ह्यात काही संबंध नाही. ते खोटं. एकतीस पुरचुंड्यांतली एक माझी होती. चॉकलेटी वॉयलच्या साडीच्या तुकड्याची. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे फॉर्म भरून मिळालेले दहा-वीस रुपये मी सात वर्षं तिच्यात टाकत होते. माझं सगळं मिळून मर्यादेच्या आत, त्यामुळे सरकारला दाखवायचा प्रश्न नव्हता. ह्यांना दाखवायचा प्रश्न होता. दाखवले असते तर पत्त्यांच्या डावावर गेले असते.

माणिकभाई मावशीला म्हणत होते, नावं द्या, सह्या द्या, तेव्हा मी त्याच टेबलापाशी उभी होते. हातात पेन होतं. मी एकटीने जरी म्हटलं असतं, ह्यातले चौतीसशे माझे, ही माझी सही, तर मागून चाळीतली सुलक्षणा आली असती, तिचीही पुरचुंडी होती. ती धीट आहे. तिच्यामागे आणखी पाच-सात आल्या असत्या. मी काय केलं? माणिकभाईंना चहा सांगितला. मावशी म्हणाली, मी कोणाचं नाव सांगणार नाही, आणि मला हायसं वाटलं. तिच्या दंडाचा कागद मी माझ्या हाताने टाइप केला, धाकू, आणि त्यातला एकतिसावा हिस्सा माझ्या पैशाचा होता.

पुढचं ऐक. मार्चमध्ये पैसे परत आले तेव्हा तिने पहिली पुरचुंडी भरली ती माझी. "तुका गरज आसा," म्हणाली. सुलक्षणाच्या पोरीला नर्सिंगला घालायचं होतं, तिची थांबली. मी ती घेतली. पूर्ण घेतली. कपाटात आहे. उघडून बघितली नाही अजून, बघवत नाही.

तेव्हा तुझी किळस आली तशी मला माझीही येते. फरक एवढाच की माझी मी कोणाला पाठवू शकत नाही.

ते चार हजार शंभर मावशीला नेऊन दे. तिच्या हातात दे, आणि तुझ्या तोंडाने सांग कशाचे आहेत ते. मी माझी पुरचुंडी परत नेऊन देते. खोलीचं गिऱ्हाईक अजून पक्कं झालेलं नाही. तुझे-माझे मिळून साडेसात हजार होतात, त्यात आणखी दोन-तीन बायकांचं भागेल, मावशीला थोडी उसंत मिळेल. आपण दोघांनी मिळून केलंय हे. दोघांनी मिळून निस्तरू.

ताई


घाटकोपर
१६ ऑगस्ट १९८६

धाकू,

पत्र नाही, तू नाही.

मी माझी पुरचुंडी घेऊन काल गेले होते. मावशीने हात लावला नाही. म्हणाली, दिलेलं परत घेतलं तर बाकीच्या घाबरतील, वाटेल हिच्याकडे आता पैसेच उरले नाहीत. मी तिथून उठून सुलक्षणाकडे गेले आणि तिला दिली. मावशीने पाठवली म्हणाले. एवढं एक खोटं मला जमलं.

खोली गेली. पागडीची खोली, मालकाचा तिसरा हिस्सा जाऊन जे हाती येईल त्यात सगळ्यांचं पुरतं होतं, वर तिला काही उरत नाही. ताबा अनंत चतुर्दशीनंतर. पुढे ती गावाला तिच्या चुलतभावाच्या पडवीत राहणार आहे.

नलू


घाटकोपर
३ सप्टेंबर १९८६

धाकू,

पैसे पोचले. तू नाही पोचलास.

पाच मनीऑर्डरी एकदम आल्या, हजाराच्या चार नि शंभराची एक. पोस्टमनही चक्रावला. मावशीने पाच वेळा 'रत्नप्रभा' अशी सही केली. कूपनवर तू लिहिलंस, "गणपतीसाठी भेट. धाकू." पाचही कूपनांवर तेच. तुझ्या तोंडाने सांग म्हटलं होतं मी, आणि तू पाच वेळा लिहून खोटं बोललास.

काल मला निरोप आला, म्हणून ऑफिस सुटल्यावर गेले. चाळीत पेढे वाटून झाले होते. मावशी सगळ्यांना सांगत होती, "माझ्या धाकूक आठवण इली." मला कॉटवर बसवलं, पाणी दिलं. मग दार लोटून घेतलं आणि नोटा माझ्यासमोर ठेवून हळूच विचारलं, "नलू, ह्येच्यार टॅक्स भरूचो लागतलो काय गो?"

मी काय सांगायचं होतं, तूच सांग. अकरा वर्षं मी लोकांना हेच सांगते आहे, ह्यावर लागतो, ह्यावर लागत नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. साहेब येऊन गेल्यापासून ती वाण्याकडून सुटे पैसे घेतानासुद्धा बिचकते.

मी म्हटलं, "नाही मावशी. नात्यातल्या माणसाने प्रेमाने दिलेली भेट उत्पन्नात धरत नाहीत."

'प्रेमाने' हा शब्द तोंडात चिकटून राहिला. उठून मोरीवर गेले, चूळ भरली. तिला सांगितलं, बसमध्ये उन्हाचं झालं.

परत येऊन म्हटलं, मावशी, हे पैसे तुझ्याकडे राहू देत. गावाला पडवीत राहायचं तर वर पत्रे घालून घे, चूल घाल. ती नाही म्हणाली. "माझे नाय ते. पोराचे आसत. पुढे त्येका लागतले." एवढं बोलून तिने ट्रंक उघडली. तळाशी तुझा शाळेतला खाकी शर्ट होता, चौथीतला असेल, खिशाला शाईचा डाग असलेला. मला वाटलं होतं तो कधीच बोहारणीला गेला. तिने कात्री घेतली, पाठीचा चौकोन कापला, त्यात नोटा ठेवल्या आणि चारी टोकं घेऊन गाठ मारली. बाकीच्या बायकांच्या पुरचुंड्या मारते तशीच.

मी म्हटलं, "त्याने नाही नेली तर?"

"नेतलो," म्हणाली. "गणपतीक मखर काढूक येतलो मा तो?"

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. धाकू, दीड वर्षात तिने मला एकदाही विचारलं नाही की साहेबांना मखर कोणी सांगितलं. चाळीत प्रत्येकजण कोणाकोणावर संशय घेत होता. सुलक्षणाने शेजारणीशी बोलणं टाकलं. मावशी त्या विषयात एक शब्द बोलली नाही. मला वाटायचं ती साधी आहे, तिच्या डोक्यात येत नसेल. जी बाई लुगड्याच्या तुकड्यावरून एकतीस घरं ओळखते, तिच्या डोक्यात येत नसेल?

मी विचारलंच. "मावशी, खबर कोणी दिली, तुला ठाऊक आहे?"

ती पुरचुंडीची गाठ दाताने आवळत होती. आवळून झाल्यावर म्हणाली, "मी कोणाचा नाव सांगूचंय नाय."

माणिकभाईंसमोर म्हणाली होती तेच, त्याच आवाजात. मग उठून तिने चहा टाकला आणि मला विचारलं, साखर कमी ना गो?

मी तिथे रडले नाही. बसस्टॉपवर रडले. मला तुझा राग येत होता, माझा येत होता, आणि शेवटी तिचाही यायला लागला. एकदा शिव्या दिल्या असत्या तर आपण दोघं सुटलो असतो. ती देणार नाही. ती आपले पैसे भरते आहे, तुझेही आणि माझेही, आणि पावती मागत नाही.

रविवारी चतुर्थी. त्या खोलीतला हा शेवटचा गणपती. पोटमाळ्यावरून खोकं उतरवायला माणूस नाही, चाळीतल्या कोणाला तरी वर चढव म्हटलं तर मावशी ऐकत नाही, म्हणते धाकू येईल. पुरचुंडी तिने माझ्याकडून वर टाकून घेतली. शिडीवर उभं राहून मीच ठेवली. खोक्यात आता मखर आणि ती, बाकी काही नाही.

शनिवारी सकाळी ये. खोकं हलकं आहे. मी येणार नाही त्या वेळी, तुम्हा दोघांमध्ये मला उभं राहायचं नाही. तिच्यासमोर उघड आणि तुझी तू घे.

ताई